विडी वळणारा अंगठा

निपाणी भागातली विडी कामगार बाई "मनगट दुखतंय" म्हणून आली, की मी मनगटाआधी तिच्या अंगठ्याचं बूड दाबून बघते. इथे फिजिओथेरपी करणाऱ्या प्रत्येकाने तेच करावं, असं मला फार वाटतं. कारण त्या मावशींसारखे हात मला अजून भेटतात.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, जवळच्याच खेड्यातल्या. विड्यांचा माल देऊन, पुढची पानं-तंबाखू घेऊन थेट माझ्याकडे आल्या होत्या. पिशवीत औषधांच्या दोन जुन्या चिठ्ठ्या, दोन्हींवर एकच सल्ला: विश्रांती. "म्याडम, इश्रांती घेतली तर हजाराची मजुरी कोण देणार?" त्यांनी विचारलं. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. हात थांबला की पैसा थांबतो.

मी खांद्यापासून सुरुवात केली. खांदा हा उखळीचा सांधा, पण त्याची उखळ फार उथळ असते. म्हणूनच हात वर, मागे, बाजूला, गोल, हवा तसा फिरतो, आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वांत जास्त वेळा निखळतो. मावशींचा हात सहज कानाला लागला. कोपर बिजागरीसारखं, फक्त वाकतं आणि सरळ होतं, तेही ठीक. मग तळहात आभाळाकडे, तळहात जमिनीकडे असं करायला सांगितलं. ही हालचाल मनगटाची वाटते, पण ती मनगटाची नव्हे. हाताच्या पुढच्या भागातल्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं हाड दुसऱ्याभोवती फिरतं, तेव्हा पंजा उलटतो. तिथेही दुखणं नव्हतं. मनगट वर-खाली आणि आडवं, दोन्हीकडे हललं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं. अंगठ्याच्या स्नायुरज्जूंचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं, आवरण सुजलं असतं तर इथे कळ उठली असती. तसं काही झालं नाही.

मग अंगठ्याचं हाड धरून बुडाशी हलकेच दाबत फिरवलं आणि मावशी "आई गं!" म्हणून ओरडल्या. माझ्या बोटांखाली हाडावर हाड घासल्याची करकर स्पष्ट लागली.

हा खोगिरी सांधा. अंगठ्याचं हाड आणि मनगटातलं एक लहान हाड एकमेकांवर आडव्या खोगिरांसारखी बसलेली असतात. स्वार खोगिरावर पुढे-मागेही झुकू शकतो आणि डावी-उजवीकडेही. तसाच अंगठा दोन दिशांना हलतो आणि जाता जाता थोडा स्वतःभोवतीही वळतो. त्या वळण्यामुळेच त्याचं टोक करंगळीच्या टोकासमोर येऊन टेकतं. सुई धरणं, चिमूटभर मीठ उचलणं, विडी वळणं, सगळं या एका छोट्या सांध्याच्या जिवावर. पण त्याची किंमत मोठी आहे. चिमटीच्या टोकाला १ किलो जोर लावला, तर बुडाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब येतो. दिवसभरात किती चिमट्या झाल्या असतील ते मावशींनी कधी मोजलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

"मावशी, इथंच एक विडी वळून दाखवा," मी म्हटलं. त्यांनी पिशवीतलं ओलं फडकं उलगडलं. आत कातरलेली पानं होती. टेबलावर पान ठेवलं, तंबाखू पसरली, दोन्ही अंगठ्यांनी गुंडाळलं, दोरा बांधला. हात इतके वेगाने चालले, की मला पुन्हा दाखवायला सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी दिसलं: उजव्या अंगठ्याचं बूड तळव्याकडे ओढलं गेलेलं, आणि मधला सांधा मागे कमान करून वाकलेला. बुडाचा सांधा बाहेरच्या बाजूला उघडेना, म्हणून ती कसर मधला सांधा भरून काढत होता. नुसत्या गोळ्यांनी हे कसं थांबणार?

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, परत येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. पण अंगठा आणि तर्जनीमधली आखडलेली जागा मोकळी करता येते, तर्जनीच्या बाजूचा स्नायू बळकट करता येतो, आणि चिमटी गोल ठेवायची सवय लावता येते. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची पट्टी करून बूड धरून ठेवलं. मनगट आणि अंगठ्याचं टोक मोकळं सोडलं. पहिल्या विडीला तंबाखू सांडली. मी कडा कापून पट्टी आखूड केली, मग हात चालू लागला. वेग कमी झाला, पण कळ थांबली.

खरी अडचण कात्रीची होती. पान कातरताना दर वेळी कात्री उघडायला अंगठा बाहेर ढकलावा लागतो. काही दिवस पानं सुनेनं कातरावीत, असं मी सुचवलं. मावशी एकदम ताठ झाल्या. "न्हाई. मग तिचाबी अंगठा जाईल की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, उपाय होता. स्प्रिंगची, आपोआप उघडणारी कात्री. ती दोघींसाठी घ्यायचं ठरलं. पुढच्या खेपेला मावशी सुनेला सोबत घेऊन आल्या. तिच्या बुडाचा सांधा अजून पूर्ण उघडतो, दाबला तर दुखत नाही. पण विडी वळताना तिचाही मधला सांधा मागे झुकायला लागला आहे. तिचे व्यायाम मी त्याच दिवशी सुरू केले.