तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, बघते मी दुसऱ्यांची चित्रं

दर रविवारी कुणीतरी विचारतंच. गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, स्टूल टाकून बसलेली असते, मांडीवर स्केचबुक, शेजारी फोनवर दुसऱ्या कुणाचं तरी चित्र उघडं, आणि मागून आवाज येतो, "मॅडम, समोर अख्खं देऊळ असताना फोनमध्ये काय बघताय?" हा झाला सभ्य प्रकार. आमच्या स्केचिंग ग्रुपमधली नवी मुलं विचारतात, "ताई, मग तुमची स्वतःची स्टाईल कोणती?" आणि नणंदेचे यजमान दर दिवाळीला, चकली तोंडात असताना, "म्हणजे एका अर्थी कॉपीच की." दुसरा अर्थ कोणता ते चकलीची बशी संपली तरी सांगत नाहीत.

आतापर्यंत हसून सोडून द्यायचे. नाहीतर व्हॅन गॉगला मध्ये घालायचे, की बाबांनो, त्यानं १८८७ साली हिरोशिगेची जपानी प्रिंट्स समोर ठेवून तैलरंगात उतरवून काढली, पावसातला पूल काय, प्लमची बाग काय, तो चालतो का तुम्हाला? समोरचा गप्प बसतो. पण हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही, कारण मी काही व्हॅन गॉग नाही, मी इथेच अंबडला पॅनल बनवणाऱ्या कंपनीत ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढते. (तिथे जुनं ड्रॉइंग उघडून सेव्ह ॲज मारलं की वेळ वाचवला म्हणून शाबासकी मिळते, ते एक असो.)

तर एकदाच नीट लिहिते.

मला नाशिक दिसतच नव्हतं. जन्म इथला, शाळा इथली, रामकुंडावरून हजारदा गेलेय, पण काढायला बसले की हातातून कॅलेंडरवरचं देऊळ उतरायचं. पिंडाला शिवणारे कावळे लहानपणापासून बघितले, कधी शिवत नाहीत म्हणून ताटकळलेली माणसंही बघितली, पण कावळा उभा कसा राहतो, मान तिरकी करून, वसुलीला आल्यासारखा, ते आर. के. लक्ष्मणांचे कावळे बघितल्यावर कळलं. घाटाचा ओला दगड नुसता काळा नसतो, त्यात जांभळं असतं, तपकिरी असतं, हे आपल्या नाशिकच्याच शिवाजी तुपेंच्या जलरंगांसमोर उभी राहिले तेव्हा दिसलं. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांच्या रेषांवरून शिकले की माणसाचा चेहरा नाही काढला तरी चालतं, पाठ काढा, पाठ सगळं सांगते. बुधवारच्या बाजारात वाकून भाजी निवडणाऱ्या बायका मी आज काढते त्या सरवट्यांमुळे काढते. ते पेशानं इंजिनिअर होते हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

आणि ती काडी. मलेशियातल्या पेनांगचा किआ किआन म्हणून स्केचर आहे, तो झाडाची वाळकी काडी चिनी शाईत बुडवून चित्रं काढतो. ते बघून मी घाटावरच पडलेली कडुनिंबाची काडी उचलली, ब्लेडनं तिरकी तासली, शाईत बुडवली. पहिले दोन इंच ओली काळीकुट्ट रेघ, मग शाई संपत येते तशी रेघ फाटायला लागते, खरखरीत होते, मध्येमध्ये कागद दिसतो, आणि ती फाटलेली रेघ नारोशंकराच्या शिखरावर अशी बसली की बास. १७४७ सालचं देऊळ, इतकी वर्षं ऊन-पूर खाल्लेला दगड, आणि मी तो गुळगुळीत फाउंटन पेननं काढत होते! घरी आईला दाखवलं तर म्हणाली, "अगं हा तर बोरूच झाला, तुझे आजोबा यानंच लिहायचे." म्हणजे घरातलाच बोरू मला पेनांगहून मागवावा लागला. आता याला कॉपी म्हणायचं असेल तर म्हणा.

इथवर माझी बाजू झाली. इथेच थांबले असते तर बरं दिसलं असतं, पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते पुढेच आहे.

हे अर्बन स्केचिंग, म्हणजे शहरात जागेवर बसून चित्रं काढायचं, प्रकरण सुरू केलं सिॲटलच्या गॅब्रिएल कॅम्पनारिओनं, २००७ मध्ये, तो पत्रकार, वर्तमानपत्रात चित्रं काढणारा माणूस. त्या मंडळींचा आठ कलमांचा जाहीरनामा आहे, त्यात जागेवर बसून काढायचं हे आहेच, शिवाय जे बघतो त्याच्याशी प्रामाणिक राहायचं हेही आहे. मी हे नव्या मुलांना मोठ्या रुबाबात ऐकवायचे.

त्या काळात मी गोव्याच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाच्या पूर्ण नादी लागले होते. एकदा मुंबईला गेले होते तेव्हा कुलाब्याच्या कॅफे माँडेगारमध्ये, जिथे भिंतीभर मारिओची चित्रं आहेत, एका कॉफीवर दोन तास काढले, वेटर तीनदा फडकं मारून गेला तरी मी हलले नाही. त्याची गर्दी, प्रत्येक खिडकीत कुणीतरी, ठिपक्यांचे फ्रॉक, कुत्री, कुंड्या. रिकामी जागा म्हणून ठेवायचा नाही गडी.

२०१८ च्या जानेवारीत जुन्या नाशकातल्या एका वाड्यासमोर बसले. आडनाव सांगत नाही, तिकडच्यांना लगेच कळेल. दगडी जोतं, दिंडी दरवाजा, वरच्या मजल्यावर सुरूदार खांब, आणि समोर मी. येणाऱ्याजाणाऱ्या तिघांनी विचारलं, "सर्व्हे का?" कारण दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, त्यामुळे वही घेऊन वाड्याकडे टक लावणारी बाई म्हणजे महापालिकेचीच. वरच्या मजल्याला डाव्या कोपऱ्यात एक खिडकी होती. एक झडप गेलेली, तिथे पत्रा ठोकलेला, खालून पीव्हीसीचा ड्रेनेज पाईप. मला ती आवडली नाही. बाकी काही कारण नाही, आवडली नाही. बाकी सगळा वाडा इतका छान उतरलेला आणि त्या कोपऱ्यात हे ठिगळ. मग तिथे मी नक्षीदार लोखंडी कठड्याची गॅलरी काढली, गॅलरीत ठिपक्यांच्या गाऊनमधली एक जाडी बाई, आणि कठड्यातून डोकावणारं कुत्रं. झकास दिसत होतं हो. आजही दिसतं. खूप लाईक पडले, एकानं खाली लिहिलंही, "मारिओ नाशकात आला!" मी ते कौतुक म्हणून घेतलं.

२०१९ च्या पावसात त्या वाड्याची मागची भिंत बसली. माणसं आधीच हलली होती म्हणून बरं. दिवाळीपर्यंत प्लॉट सपाट.

२०२० च्या फेब्रुवारीत आमच्या ग्रुपनं एक लहानसा हॉल घेऊन प्रदर्शन लावलं. एक तरुण मुलगा त्या चित्रासमोर उभाच राहिला, म्हणाला, "मॅडम, आमचा वाडा आहे हा." आणि दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन आला, रिक्षातून, हाताला धरून. आम्ही चित्रासमोर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. बोटानं हवेतल्या हवेत दार दाखवलं, पायऱ्या मोजल्या, ओसरीवरची कुणाची बसायची जागा ते नातवाला सांगितलं. मी बाजूला फुगून उभी. मग बोट वर गेलं, डावीकडे, आणि तिथेच थांबलं.

"हे कोण?"

"कुणी नाही आजी, अशीच काढलीय. काल्पनिक."

"आमच्याकडे कुत्रं नव्हतं कधी."

"हो, तेही..."

"आणि माझी खिडकी?"

नातू घाईघाईनं म्हणाला, "अगं आजी, आर्टिस्टिक असतं ते." आजींनी मान डोलावली. म्हणाल्या, "बाकी हुबेहूब आहे हो. छान काढलंय." आणि मग माझ्याकडे न बघता, चित्राशीच बोलल्यासारखं, की लग्न होऊन आल्यापासून त्या खिडकीतून दोरीला टोपली बांधून भाजी वर घ्यायच्या. सासूबाईंना खाली उतरलेलं चालायचं नाही. पत्रा मिस्टरांनी ठोकला होता, एका पावसाळ्यात, आणि अंगठ्यावर हातोडी मारून घेतली होती.

तो पत्रा. मला आवडला नव्हता तो.

कॉपी म्हणून लोकांनी आजवर जे काही ऐकवलं त्याचं मला काडीइतकं वाईट वाटलेलं नाही. हे लागलं. घरी येऊन फोनची सगळी गॅलरी उपसली. जागेवर बसून काढणारे आम्ही, फोटोवरून काढत नाही असा ताठा, त्यामुळे त्या दिवसाचा एकच फोटो निघाला आणि त्यात डाव्या कोपऱ्यासमोर टेम्पोचा हूड.

मारिओचा यात काही दोष आहे असं म्हणायचं नाही मला. उलट तो तरुणपणी रोजनिशीत चित्रं काढायचा, गोव्यातल्या त्याच्या लोटली गावचे शेजारीपाजारी, भेटलेले, बघितलेले लोक. म्हणजे त्याच्या गर्दीला बघितलेल्या माणसांचा आधार होता. माझी ती जाडी बाई मी कध्धीच कुठे बघितली नव्हती. मी त्याची नजर उचलली असं मी समजत होते, प्रत्यक्षात त्यानं बघून झालेलं तेवढं उचललं.

असं आता म्हणते. तेव्हा मी काय केलं तर शपथ घेतली. डायरीच्या मागच्या पानावर लिहिलंय अजून, "आजपासून कुणाचंही चित्र बघणार नाही. फक्त समोरचं." खाली दोनदा रेघ मारलीय. बाई, किती नाटकी होतीस तू! पुढे लगेच लॉकडाऊन लागला, मग समोरचं म्हणजे गॅलरीतून दिसणारी बिल्डिंग, सिंटेक्सच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी. दहा महिने तेच काढलं. प्रामाणिक होतं का? शंभर टक्के. प्रत्येक पाईप जिथल्या तिथे. आणि सगळी चित्रं कंपनीतल्या ड्रॉइंगसारखी, खाली टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या नाव-नंबराची चौकट, तेवढा टाकायचा राहिला होता. नवी मुलं म्हणतात ना, स्वतःची स्टाईल, ती बहुधा हीच असावी, दुसऱ्यांचं सगळं काढून घेतल्यावर माझ्याकडे उरते ती. मला नाही आवडली.

२०२१ च्या जानेवारीत नातवाला फोन करून आजींकडे गेले. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट आहे. म्हटलं, तुम्ही सांगा, मी खिडकी पुन्हा काढते. आजी खूश. गज किती? चार. थोड्या वेळानं, पाच असतील गं. रंग? हिरवा. मग सून आतून म्हणाली, निळा होता, त्यावर दोघींचं थोडं वाजलं. पत्रा डावीकडच्या झडपेला का उजवीकडच्या? आजींनी डोळे मिटले, उजवा हात उचलला, टोपलीची दोरी धरल्यासारखा, आणि मग हात तसाच ठेवून म्हणाल्या, "आता नाही आठवत." तीन वेळा गेले. तीन वेगवेगळ्या खिडक्या निघाल्या. शेवटची दाखवली तेव्हा म्हणाल्या, "जवळपास आहे."

त्या शेवटच्या चित्रात मी आजींनाही काढलं, खिडकीतून वाकून टोपली ओढताना, आतल्या बाजूनं, म्हणजे फक्त पाठ आणि पदर खोचलेली कंबर. आणि ती पाठ मला कुणी शिकवली ते वर लिहिलंच आहे. आदल्याच आठवड्यात शपथ मोडून सरवटे पुन्हा चाळले होते. आजींनी खिडकीवर बोट ठेवलं नाही, पाठीवर ठेवलं, म्हणाल्या, "ही मी." खरंच ओळखलं की माझी समजूत काढली ते कळायला मार्ग नाही. त्या चाळिशीत कशा दिसायच्या, पाठमोऱ्या कशा वाकायच्या, मला कुठे माहीत होतं? म्हणजे पुन्हा न बघितलेलंच काढलं की मी. या वेळी चालून गेलं, बस.

त्यामुळे "मग तुम्ही दुसऱ्यांचं बघणं सोडत का नाही" याला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. बघितलं नाही तर मला काही दिसत नाही, आणि बघितलं की जे दिसत नाही तेही काढून बसते. हल्ली एवढंच करते की बसल्यावर आधी जे आवडलं नाही ते काढते. केबलची गुंडाळी, पत्रा, फ्लेक्स, बोअरिंगचं मशीन. परवा भांडी बाजारात एका दुकानाच्या कपाळावरचा फाटका फ्लेक्स काढण्यात अर्धा तास गेला आणि पितळेच्या घागरी राहूनच गेल्या, नवऱ्यानं बघून विचारलं, "पण घागरी कुठायत?"

दोन्ही चित्रं मी त्या कुटुंबाला देऊन टाकली. पैसे घेतले नाहीत. मध्यंतरी हळदीकुंकवाला बोलावलं होतं तेव्हा बघितलं, हॉलमध्ये सोफ्याच्या वर, चांगली जाड फ्रेम करून, पहिलंच लावलंय, कुत्र्यावालं. येणारे विचारतात म्हणे, ही गॅलरीतली कोण, आणि नातू सांगतो, आमची पणजी. दुसरं आजींच्या कपाटात, साड्यांच्या खाली.