पणजोबांची तीन वर्षे

रविवारी सकाळी शेजारीपाजारी मासळीबाजाराकडे वळतात आणि मी ठाण्याहून अलिबागची एसटी पकडून कबरस्तानात जातो, याचे घरात आता कोणाला काही वाटत नाही. शनिवार हा आम्हां बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, शब्बाथ; या विश्रांतीच्या पवित्र दिवशी कबरींवर जायचे नसते. कोकणात आमचे पूर्वज शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. घाणे कधीच गेले, वार तेवढा टिकला. पिशवीत पाण्याची बाटली, मऊ ब्रश, झुडपे बाजूला करायला कोयता आणि दाढीचा लहान आरसा असतो. दगडावर खडू मात्र मी कधी घासत नाही, कारण त्याने अक्षरे आज उठतात आणि दगड कायमचा झिजतो.

पूर्वज शोधणाऱ्याचे निम्मे काम आमच्या आडनावांनी करूनच ठेवले आहे. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर म्हटले, की कोणत्या गावचे कबरस्तान पाहायचे ते कळते. खरी गंमत नावांत आहे. कबरीच्या दगडावरच्या मराठी ओळीतला सामाजी हिब्रू ओळीत शमुवेल होतो, आणि त्याच्यापुढे ‘बेन’, म्हणजे ‘चा मुलगा’, लिहून बापाचे नाव येते. त्यामुळे आडनाव एका लिपीत आणि बाप दुसऱ्या लिपीत, असे दोन्ही तुकडे जुळवल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल असतात, तिथे आमच्यासारख्यांची काय कथा! अलिबागजवळच्या नवगावला तर नावांचा प्रश्नच मिटतो. तिथे जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या अशी आमची परंपरा सांगते, पण बुडालेल्यांना जिथे पुरले त्या उंचवट्यांवर एकही नाव नाही.

साल काढणे हे त्याहून नाजूक काम. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते. हिब्रू सनातले वरचे पाच हजार सहसा गृहीतच धरलेले असतात, म्हणून उरलेल्या अक्षरांची बेरीज करून तीत १२४० मिळवले, की इसवी सन हाती येतो. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने एखादे वर्ष इकडेतिकडे होते, तेवढे चालते. पणजोबांच्या दगडावर मी ताव, रेश, सामेख आणि हे अशी अक्षरे वाचली, म्हणजे ४००, २००, ६० आणि ५. बेरीज ६६५, साल १९०५. आमच्या आजोबांचा जन्म १९०७ सालचा.

पुढचे दोन महिने मला भिंतीवरच्या पणजीच्या फोटोकडे सरळ पाहता आले नाही. अखेर फार आडवळणाने आत्याकडे विषय काढला. ती म्हणाली, “आजीला मी पाहिली आहे रे, तुझ्या दगडाला नाही.”

मार्चमधल्या एका रविवारी पुन्हा गेलो. हिब्रूतल्या ‘हे’ आणि ‘हेत’ या अक्षरांत फरक एवढाच, की ‘हे’चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला टेकत नाही आणि ‘हेत’चा टेकतो; पहिल्याची किंमत ५, दुसऱ्याची ८. त्या पायाच्या माथ्यावर वाळलेल्या शेवाळ्याचा नखाएवढा ठिपका बसला होता. पाणी टाकून तो भिजू दिला, ब्रशने हलकेच काढला आणि आरशाने बाजूने उजेड पाडला, तेव्हा केसासारखी एक खाच वरपर्यंत जाऊन आडव्या रेघेला भिडलेली दिसली. म्हणजे ६६८, साल १९०८. पणजोबा गेले तेव्हा आजोबा वर्षाचे होते.

निघताना कबरीवर एक खडा ठेवायचा आमच्यात रिवाज आहे. त्या दिवशी पणजोबांच्या कबरीवर एक ठेवला आणि शेजारी पणजीच्या कबरीवर दोन. एसटीतून आत्याला फोन करून मी ‘हे’ आणि ‘हेत’चा सगळा खुलासा केला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, “पांढरा कांदा घेतलास का?”