अख्खे जवस आणि जवसाची पूड

मुलगी तीन वर्षांची असताना मी तिच्या दह्यावर रोज चमचाभर अख्खे जवस भुरभुरत असे. एके सकाळी तिची शी स्वच्छ करताना तेच चकचकीत तपकिरी दाणे जसेच्या तसे दिसले, तेव्हा इतके दिवस तिच्या पोटात गेलेल्या जवसातून तिला फारसे काही मिळालेच नव्हते, हे माझ्या लक्षात आले. जवसाचे टरफल चिवट असते. दाणा फुटला नाही, तर आतले तेल अंगी लागत नाही. जवस द्यायचे ते मुख्यतः त्या तेलासाठीच, कारण त्यातले अल्फा लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा ३ स्निग्धाम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलांना ते दिवसाला ०.७ ग्रॅम आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना ०.९ ग्रॅम पुरेसे मानले जाते. लहान चमचाभर पुडीतून साधारण अर्धा ग्रॅम मिळते, म्हणजे फार काही लागत नाही. मात्र मेंदूला आणि डोळ्यांना लागणारे डीएचए, म्हणजे माशांतून मिळणारे दुसरे ओमेगा ३ स्निग्धाम्ल, शरीर त्यापासून अगदी थोडेच बनवते, त्यामुळे जवस माशांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

आता मी आठवड्यापुरतीच पूड करते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवते, कारण दळल्यावर हवा लागून हे तेल लवकर खवट होते. अक्रोडाचेही तसेच. चमचा बुडवण्याआधी बरणीचा वास घ्यावा. जुन्या रंगासारखा वास आला, तर ती पूड मुलांना मुळीच देऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट घशाची आहे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे बदाम, शेंगदाणे किंवा अक्रोडाचे मोठे तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. घरी आलेली माणसे प्रेमाने मुलाच्या हातावर बदाम ठेवतात, तेव्हा संकोच न करता तो काढून घ्यावा. शेंगदाण्याचे किंवा बदामाचे घट्ट लोणीही टाळ्याला चिकटते, म्हणून ते दह्यात किंवा कुस्करलेल्या केळ्यात पातळ करून द्यावे.

नवा पदार्थ एका वेळी एकच, अगदी थोडा आणि दिवसा द्यावा, म्हणजे अंगावर पुरळ उठले किंवा ओठ सुजले तर लगेच कळते. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर शेंगदाणा सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.