तुम्ही विचारलंत म्हणून: अंगाला औषधाची सवय लागते का?

खानापूरकडे रोपलावण सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. परवा बेळगावला येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या मावशींनी चप्पल काढून पायाची बेचकी दाखवली. कातडं पांढरं, भिजलेलं, मधे लाल चीर. चिखल्या, बहुतेकदा बुरशीनं होणाऱ्या. "गेल्या वर्षी ह्याच ट्यूबनं आठ दिवसांत बरं वाटलं. औंदा लावून लावून दमलो की ओ सर. अंगाला सवय झाली काय?" मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, हे त्यांना कंडक्टरनं सांगितलं असणार.

अंगाला नाही, झालीच तर बुरशीला. माझ्या ओळखीची कॅन्डिडा ही बुरशी घ्या. फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध तिच्या पेशीत शिरतं आणि पटलाला, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाला, लागणारा एर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ बनू देत नाही. पण त्याच पटलात नको ते बाहेर फेकणारी प्रथिनं बसलेली असतात. मावशींना म्हटलं, शेतातलं पाणी उपसणारी इंजिनं समजा. त्यातलं सीडीआर१ हे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतं; म्हणजे डिझेलवरचं. दुसऱ्याला, एमडीआर१ला, डिझेल लागत नाही. बाहेरचे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, आत घसरतात, त्या ओढीवर ते औषध बाहेर लोटतं.

ही इंजिनं औषधाला भिऊन कुणी नवी बसवलेली नाहीत. आधीपासूनची, पण मोजकी. टीएसी१ नावाचं प्रथिन हे सीडीआर१चं बटण. त्याच्या जनुकात चुकून बदल झाला की बटण चालूच राहतं आणि सीडीआर१ भरमसाट बनतं. मग फ्लुकोनाझोलच काय, त्याच्या जातीचं इट्राकोनाझोलही बाहेर. (हे सीडीआर१चं जनुक १९९५ साली उजेडात आणणाऱ्यांत दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाचे राजेंद्र प्रसाद होते, आपलेच.) त्यात फ्लुकोनाझोल कॅन्डिडाला मारत नाही, नुसतं वाढू देत नाही. अशा वेळी ज्या पेशीचं बटण अडकलेलं, तिचंच फावतं.

"मग इंजिन बंद पाडायचं औषध काढा की!" मावशी म्हणाल्या. माझ्या वर्गात हा प्रश्न यायला तीन तास लागतात. तसे पदार्थ प्रयोगशाळेत आहेत, दुकानात अजून एकही आलेला नाही, असं मी सांगत होतो, तोवर त्यांनी पिशवीतून ट्यूब काढली. चेपून चपटी झालेली, भाचीनं चिठ्ठीशिवाय आणलेली. बारीक अक्षरात बुरशीच्या औषधाशेजारी क्लोबेटासोल. स्टेरॉइड! त्यानं खाज आणि लाली दबते, म्हणून बरं वाटतं. कातडीचा प्रतिकारही दबतो, आणि खाली बुरशी निवांत पसरते.

म्हणजे अर्धा तास मी इंजिनं सांगत बसलो आणि घोटाळा ट्यूबमध्येच होता. पिरनवाडी येईपर्यंत एवढंच सांगता आलं: ही बंद करा, आणि कातडीच्या डॉक्टरांना पाय दाखवा.