भिंतीनं पोट काढलंय

यंदा गणपतीला गावी गेले तेव्हा आरास करायला माजघरातली कपाटं बाजूला सरकवली आणि मागची भिंत दिसली. कमरेपासून छातीपर्यंत ती आतल्या बाजूला फुगली होती. गिलाव्यात एक चीर कोनाड्यापासून थेट खालपर्यंत उतरलेली. आई म्हणाली, "ती हाय की लई दिसांची." त्या भिंतीला लागूनच आईची खाट आहे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर दोन-तीन ठिकाणी बोटाच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ताई, भिंतीनं पोट काढलंय. आतनं दोन पदर सुटल्यात."

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. मी कराडला शाळेत शिकवते. आमच्याकडे भूकंप ही बातमी नसते. जमिनीखालून गडगड असा आवाज येतो, घाटातून भरलेला ट्रक उतरावा तसा, मग मांडणीवरची भांडी वाजतात, कौलांतून थोडी माती गळते आणि संपतं. लहानपणी आम्ही भावंडं आकडा ओळखायचो. "तीनचा असंल." "न्हाय, साडेतीन." दुसऱ्या दिवशी पेपरात बघायचो. पुण्याहून मावशी घाबरून फोन करायची, तर आई म्हणायची, "व्हय, वाजली जरा भांडी." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा, की आपण कोयनेचे, आपल्याला काही वाटत नाही. त्या फुगलेल्या भिंतीसमोर उभी राहिले तेव्हापासून मला त्या अभिमानाची भीती वाटते.

कारण याच घराची मागची भिंत आधी एकदा पडलेली आहे.

११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. आजी पडवीत जात्यावर बसली होती. ती सांगायची, "मला वाटलं जात्याचाच आवाज हाय. मग हात थांबवला, तरी आवाज येतच हुता." वडील तेव्हा सात वर्षांचे, आजोबांच्या कुशीत पडवीतच झोपलेले. पडवीला लाकडी खांब होते, वर वासे आणि कौलं. खांब करकरले, हलले, कौलं घसरून अंगणात पडली, पण पडवी उभी राहिली. माजघराची दगडमातीची भिंत मात्र आतल्या बाजूला बसली. माझी एक आत्या तिथे झोपली होती, चार वर्षांची. तिचा फोटो नाही. आजीनं मरेपर्यंत तिचं नाव कुठल्याच नातीला ठेवू दिलं नाही.

त्या पहाटेच्या ६.३ च्या भूकंपात आमच्या भागात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात तडे गेले. धरण टिकलं, आणि नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचे आधार देऊन ते भक्कम केलं गेलं. हे मुद्दाम सांगते, कारण आजही जरा मोठा धक्का बसला की अर्ध्या तासात मोबाईलवर "धरणाला भेग पडली" असा निरोप फिरतो आणि खालच्या गावांतल्या बायका पोरंबाळं घेऊन रस्त्यावर येतात. निरोप पाठवणाऱ्यानं त्या बायकांचे चेहरे एकदा बघावेत.

आजीच्या पिढीला कुणी आधी सांगितलं नव्हतं की इथे असं होऊ शकतं. दख्खनचं पठार म्हणजे अढळ, अशीच तेव्हाच्या शास्त्रज्ञांचीही समजूत होती. आमच्या पायाखालचा काळा कातळ हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. ज्वालामुखी केव्हाच विझला, त्याची भीती आता नाही. आमच्याच भागातल्या गोठणे गावी संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास हा काळा दगड संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला. आमचे भूकंप त्या खालच्या खडकात होतात. तिथे जुन्या भेगा आहेत, आधीच ताणाखाली असलेल्या. १९६२ पासून धरणात पाणी साठू लागलं आणि त्यानंतर लहान धक्के, जमिनीतले आवाज सुरू झाले. पाण्याचं वजन एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि एकमेकांना धरून ठेवलेल्या खडकांची पकड सुटते. ताण मुळात जमिनीचाच, धरणाच्या पाण्यानं चाप ओढला. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्तांसारख्या शास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलंय, आणि धरणामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांत आमचा १९६७ चा भूकंप जगातला सगळ्यात मोठा मानला जातो. वारणेचं चांदोलीचं धरण भरल्यावर धक्के तिकडेही सरकले. १९६७ पासून आजवर या छोट्याशा पट्ट्यात पाचपेक्षा मोठे वीसहून जास्त भूकंप झाले.

आता गावात ठाम बसलेल्या एका समजुतीबद्दल. "बारके धक्के बसत्यात ते चांगलंच. जोर थोडाथोडा निघून जातो, मग मोठा येत न्हाई." पारावर हे ऐकलं नाही असा माणूस आमच्या खोऱ्यात सापडायचा नाही. मीही कित्येक वर्षं हेच मानत होते. मग एकदा आठवीच्या वर्गात रिश्टर मापन शिकवताना फळ्यावर गणित मांडलं. मापनातला एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. म्हणजे तीनच्या आणि सहाच्या भूकंपात फरक ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, जवळजवळ ३२ हजार पट. सहाच्या एका भूकंपाचा जोर बारक्या धक्क्यांनी काढून टाकायचा तर तीनचे ३२ हजार धक्के लागतील. रोज एक बसला तरी सत्याऐंशी वर्षं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आमचे आजोबा खोटं सांगतात?" मी म्हटलं, खोटं नाही, त्यांना कुणी हे गणित घालून दिलं नाही. पण त्या दिवशी फळा पुसताना मला आत्या आठवली. १९६७ च्या सप्टेंबरातही पाचच्या वरचा एक धक्का बसला होता. तेव्हाही पारावर कुणीतरी म्हटलंच असेल की बरं झालं, निघून गेला जोर.

तर ती भिंत. आमच्याकडची जुनी भिंत दीड-दोन फूट जाड असते, म्हणून ती मजबूत वाटते. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून एक पदर, आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे, माती. दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवायला अधूनमधून भिंतीच्या आरपार जाईल असा लांब दगड बसवावा लागतो. लांब दगड महाग, घडवायला मेहनत जास्त, म्हणून तो वगळला जातो. मग प्रत्येक धक्क्यानं मधली माती थोडी खाली बसते आणि पदरांना बाहेर रेटते. भिंत पोट काढते. आईनं ज्याला "जरा भांडी वाजली" म्हटलं, त्या प्रत्येक वेळी ही भिंत एकेक तसूनं सुटत होती.

किल्लारीला हेच झालं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटपून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला ६.२ चा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या १९६७ च्या भूकंपाच्या तोडीचाच धक्का, पण तिथे दाट वस्तीची गावं, दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. तेव्हा मी शाळेत होते. वर्तमानपत्रातले फोटो बघून आजीनं पेपर पालथा घातला होता.

यंदा गणपतीत घरात भांडण झालं ते यावरूनच. दादा मुंबईला असतो, मन लावून घराचं बघतो. त्याचं म्हणणं, कौलं काढून टाकू, वर स्लॅब घालू, घर पक्कं होईल, माकडांचाही त्रास जाईल. त्यानं पैसेही बाजूला ठेवले होते. मी म्हटलं, स्लॅब या भिंतींवर नको. तो म्हणाला, "सगळ्या गावानं घातलाय, आमचंच घर पडणार आहे का?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, फक्त रडू आलं. नंतर विसर्जनाच्या रात्री अंगणात बसून त्याला समजावलं. जमीन हलते तेव्हा प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या प्रमाणात धक्का बसतो. भिंतींच्या डोक्यावर कित्येक टन काँक्रीट ठेवलं की तेवढा जास्त जोर त्या पोट काढलेल्या भिंतींना आडवा बसणार, आणि त्या सुटल्या की स्लॅब अखंडच्या अखंड खाली येणार. खाली आई झोपते. पक्कं घर बांधायचंच तर पायापासून कॉलम-बीमचं, नियमाप्रमाणं सळई घालून बांधू. नाहीतर छप्पर हलकं ठेवू आणि भिंती बांधून घेऊ. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या त्याच भिंतीखाली का?" त्याला आजवर नेमकी जागा माहीत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. भिंत पावसाळ्यात भिजलेली, ती वाळेपर्यंत हात लावू नका असं मामांनी बजावलं होतं. किल्लारीनंतर मराठवाड्यातल्या जुन्या घरांना जी दुरुस्ती केली गेली तीच आम्ही केली. फुगलेला भाग आधी छपराला टेकू देऊन, दगड एकेक काढून पुन्हा रचला. बाकीच्या भिंतीत ठरावीक अंतरावर हळूहळू आरपार भोकं पाडली, म्हणजे दगड नुसते हातानं हलवून काढायचे, छिन्नी-हातोडा जोरात मारायचा नाही. प्रत्येक भोकात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरलं. हेच ते न घातलेले लांब दगड, साठ-सत्तर वर्षं उशिरा घातलेले. मग दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला भिंतींना आतून-बाहेरून जाळीचा पट्टा ठोकून त्यावर सिमेंटचा गिलावा, कोपऱ्यांतही तोच पट्टा. पेटीला दोरी आवळून बांधावी तसं. चार भिंती वेगवेगळ्या न हलता एकत्र हलाव्यात एवढाच त्याचा हेतू.

मामा पहिल्या दिवशी नाखूश होते. त्यांच्या वडिलांनी बांधलेली भिंत होती ती. दुसऱ्या दिवशी भिंतीचं पोट उघडलं आणि आतून चिखल-चिपांचा ढीग पायावर ओघळला, तेव्हा ते खाली बसले आणि बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. पुढचं सगळं काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं, पोरांना भोकं पाडू दिली नाहीत. आता गावातली आणखी दोन घरं त्यांना विचारायला आलीत.

बाकीची कामं एका दुपारची. मांडणी आणि कपाटं भिंतीला पट्टीनं जखडली. खाटेच्या वर टांगलेला आजोबांचा जाड काचेचा फोटो समोरच्या भिंतीवर, मोकळ्या जागी गेला. बॅटरी आणि चपला खाटेखाली, कारण अंधारात फुटलेल्या कौलांवरून अनवाणी धावता येत नाही. सिलिंडरचं बटण रात्री बंद करायची सवय आईला लागायला आठवडा लागला. शाळेत मुलांकडून दर महिन्याला सराव करून घेते: हादरा सुरू झाला की बाकाखाली, डोकं हातांनी झाकून, बाकाचा पाय धरून. थांबला की रांगेनं मैदानात, इमारतीपासून लांब. पहिलीची पोरं हे सगळ्यात चांगलं करतात. मोठ्यांना अजून उभं राहून आकडा ओळखायचा असतो.

पैसे दोन भिंतींपुरते पुरले. राहिलेल्या दोन पुढच्या उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. तोवर आईची खाट पडवीत हलवली आहे, लाकडी खांबांच्या मधे, आजी जात्यावर बसायची तिथेच. तिला थंडी वाजते म्हणून दादानं जाड ताडपत्रीचा पडदा आणून लावला. परवा रात्री पुन्हा आवाज आला. मी गावीच होते. भांडी वाजली नाहीत, मांडणी जखडलेली आहे. आई उठून बसली, पायानं चपला चाचपल्या आणि अंधारात मला हाक मारली, "भाईर ये गं आधी, आकडा मग बघ."