गुळण्यांचं गाव

दिवाळी सरली, कापसाची वेचणी रंगात आली, की आमच्या गावाला आपल्याला घसा असल्याची आठवण होते. पहाटेची थंडी, चुलींचा धूर, घरात भरलेल्या कापसाची बारीक तूस. एकेक दार उघडतं आणि न्हाणीतून गुळण्यांचे आवाज सुरू होतात. आवाजावरून कोण उठलं ते अंथरुणातूनच सांगता येतं. शेजारच्या काकाजींची गुळणी म्हणजे थंडीत हँडल मारून सुरू केलेलं जुनं डिझेल इंजिन. दोनदा विझतं, तिसऱ्यांदा धरतं. आमच्या आबाजींची खालच्या पट्टीतली असते आणि ‘विठ्ठला’वर संपते. सुनांना मात्र आवाज करायची चोरी. त्या दोन घोट खळखळवतात आणि कामाला लागतात. गुळणीतही वडीलधाऱ्यांचा मान असतो तो असा.

साहित्य ठरलेलं. कोमट पाणी, जाडं मीठ आणि हळद. हळदीच्या बाबतीत आम्ही जरा तोऱ्यात असतो, कारण आमचा समुद्रपूर तालुका वायगावच्या हळदीचा. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा तो पिवळा गुणाचा अंश, भरपूर असतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण हे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. ते पेल्याच्या तळाशी बसतं, उरलेलं गुळणीबरोबर बाहेर पडतं. म्हणजे वायगावच्या हळदीचा गुण आमच्यापेक्षा न्हाणीच्या फरशीलाच जास्त लागत असणार. आमच्या फरशीला कधी पडसं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मिठाचं थोडं वेगळं. खारट पाणी सुजलेल्या घशाला आराम देतं, चिकटलेला कफ सुटतो. ते खोटं नाही. पण आमच्याकडे दावा त्याहून मोठा असतो. ‘गुयनी केली का फ्लू येत नाही.’ इथं मी कान टवकारतो.

कारण जपानी लोकांनी हे खरंच तपासून पाहिलं. तिथं बाहेरून घरी आलं की हात धुवायचे आणि गुळणी करायची, ही लहानपणापासूनची शिस्त. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८७ धडधाकट माणसांचे तीन गट केले. एकानं रोज साध्या पाण्यानं गुळण्या करायच्या, दुसऱ्यानं पोव्हिडोन आयोडीनच्या, म्हणजे मेडिकलात मिळणाऱ्या त्या तपकिरी औषधाच्या, आणि तिसऱ्यानं आपलं नेहमीसारखं राहायचं. हिवाळ्यातले ६० दिवस. साध्या पाण्याच्या गटात सर्दी-पडसं ३६ टक्क्यांनी कमी झालं. औषधवाल्यांना म्हणावा असा फायदा झाला नाही. नुसत्या पाण्यानं आयोडीनला चीत केलं!

हे मी ओसरीवर सांगितलं तेव्हा काकाजींना पटलं नाही. पैसे मोजून आणलेल्या बाटलीपेक्षा फुकटचं पाणी सरस कसं? एक तर्क असा होता की जपानच्या नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा हात असेल. हे ऐकल्याबरोबर ग्रामपंचायतीचा शिपाई ताठ बसला. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, तोच टाकतो. टाकतो त्या दिवशी.

पण फ्लू? तिथं पाणी मुरतं. त्याच अभ्यासातल्या माणसांत फ्लूसारखी दुखणी वेगळी काढून पाहिली, तर गुळण्यांचा ठळक फरक दिसला नाही. पुढे हायस्कूलच्या पोरांना ग्रीन टीच्या गुळण्या करायला लावून पाहिलं. साध्या पाण्याच्या तुलनेत तिथंही खात्रीनं बोलावं असं काही हाती लागलं नाही. नवल नाही त्यात. फ्लूचा विषाणू नाकातून, घशातून, श्वासनळीतून शिरतो आणि पेशींना धरून बसतो. गुळणी पोचते पडजिभेच्या जरा पलीकडे. नाक कोरडं, श्वासनळी कोरडी. शिवाय आपण गुळणी करतो कधी? घसा खवखवला की. विषाणू आत येऊन तोवर एक-दोन दिवस झालेले असतात. जपानी माणूस दार लावतो चोर यायच्या आधी, आपण लावतो तो आत जेवायला बसल्यावर.

गंमत अशी की माणसाचा फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो गुळणीमुळेच. १९३३ साली लंडनमध्ये संशोधकांनी फ्लूच्या रोग्यांच्या घसा धुतलेल्या पाण्याची गाळण फेरेट नावाच्या प्राण्याच्या नाकात घातली. फेरेट आजारी पडले, शिंकू लागले. पुढे अशाच एका फेरेटनं एका संशोधकाच्या तोंडावर शिंकून त्यालाही फ्लू दिला. हे कळल्यापासून मी आबाजींना एवढंच म्हणतो की गुळणी नालीत टाका, अंगणात पोरं खेळतात.

आबाजींच्या आजोबांनी मानमोडी पाहिली होती. १९१८ ची फ्लूची साथ. पाऊस हुकलेला, धान्य महाग, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वऱ्हाड-मध्यप्रांतात घरंच्या घरं झोपली. देशात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेली असं धरतात, काही जण त्याहूनही जास्त सांगतात. तेव्हा लस नव्हती, विषाणू कोणी पाहिला नव्हता. त्यामुळे जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटच्या गुळण्या करा, असंच जाणते लोक सांगत. घरात कोणी खोकलं की मिठाचा डबा शोधण्याची सवय त्या भीतीतून अजून मुरलेली असेल, अशी मला शंका आहे.

मी मध्यंतरी जपानी पद्धत सुरू केली. आठवडी बाजारातून आलो की हात धुवायचे, साध्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. आई दारात उभी. “नरडं दुखते का तुहं?”

“नाही.”

“मंग कायले गुयन्या करून राह्यला? पाणी का फुकट आलं?”

धडधाकट माणसानं गुळणी करणं हे आमच्याकडे वेडातच जमा. मीठ नाही, हळद नाही, खोकला नाही, मग ती गुळणी कसली?

आबाजींना मात्र मी हिंगणघाटला नेऊन फ्लूची लस टोचून आणली. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, हे ऐकून ते डॉक्टरवरच उखडले. एकदा घेतलेली सुई वर्षात शिळी होते, म्हणजे मालच हलका, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीतून पुन्हा तीच खालची पट्टी. मी म्हटलं, “आबाजी, आता तर सुई घेतली न?”

“सुई तुह्या समाधानाले घेतली,” ते म्हणाले. “गुयनी माह्या. जाय, पाणी कोमट करून आन.”