टिप्याची केस

मी जनावरांचा डॉक्टर, सातारा तालुक्यात. आमचं काम म्हणजे अडलेल्या म्हशी, दगडी झालेल्या कासा, कुत्री आली तरी बहुतेक रेबीजच्या लसीला. त्यामुळं पावसाळ्यात एका पोराचा फोन आला की डॉक्टर, आबा वारल्यापासनं टिप्या भाकरीला तोंड लावंना, सहावा दिवस हाय, जरा येताय का, तेव्हा खरं सांगतो, कंटाळाच आला. नुकतीच एक म्हैस सोडवून खांद्यापर्यंत भरलेला हात धुत होतो.

तरी गेलो. सुतकाचं घर, अंगणात दहा-बारा माणसं, जो तो तेच सांगतोय, आबांना संगम माहुलीला नेलं तेव्हा हा ट्रॅक्टरमागं पळत गेला आणि तिसऱ्या दिवशी सावडायला गेले तर तिथंच बसलेला. आता माहुली म्हणल्यावर आमच्याकडं खंड्याचा विषय निघणारच. थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा, महाराजांना वाघापासनं वाचवलं म्हणतात, त्याची समाधी आहे तिथं. एक म्हातारबा तर म्हणाले, "औषध नका देऊ डॉक्टर, ह्यो खंड्याचाच अवतार, मालकामागं जाणार."

डोकं फिरलं, पण सुतकात बोलणार काय. थर्मामीटर लावला तर १०५, कुत्र्याचं नॉर्मल १०१-१०२ असतं. हिरड्या पांढऱ्याफट्टक, कानात गोचिडांचा घोस. सरळसरळ गोचीड ताप! अजून दोन दिवस गेले असते तर रक्त कमी होऊन मेला असता आणि ही सगळी हात जोडून निष्ठा बघत बसली असती. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, डॉक्सीच्या गोळ्या चार आठवडे. तिसऱ्या दिवशी पोराचा फोन, दूधभाकरी खाल्ली. मनात म्हणलं, घ्या, गोळ्यांनी निष्ठा बरी झाली.

दीडेक महिन्यानं संध्याकाळी त्याच गावच्या डेअरीवर गेलो होतो, लाळ्या-खुरकूतच्या लसीचं सांगायला. लायनीत किटल्या आणि किटल्यांच्या मधे टिप्या, अंगावर चांगली तकाकी आलेली. लायन सरकली की हा पण सरकतोय. सेक्रेटरी म्हणाला, रोज येतो, आबांच्या घरचं संध्याकाळचं दूध बंद झालं, म्हैस आटली, पण ह्याची वेळ चुकत नाही. आबा फॅट कमी लागली म्हणून रोज भांडायचे आणि जाताना किटलीच्या झाकणात ह्याला घोटभर ओतायचे.

म्हणलं मग दुधासाठीच येत असणार की.

"बघा की ओतून."

ओतलं. माझ्याकडं बघून शेपटी हलवली, इंजेक्शनवाला ओळखला असेल, झाकणाचा वास घेतला आणि परत रस्त्याकडं तोंड करून बसला. शटर पडलं की उठतो म्हणे, घरी जाऊन व्यवस्थित जेवतो.

सवयीनं ओठ वर करून हिरड्या बघितल्या. गुलाबी होत्या.